रंधा कुठला?

घरामागच्या शेडमधल्या फळीवर मी प्रत्येक हत्याराचा आकार रंगवलाय. करवत, पटाशी, ड्रिल मशीन, ज्याची त्याची जागा ठरलेली. सात वर्षांपूर्वी बाबांचे हात थरथरायला लागले, तेव्हापासून त्यांची सुतारकामाची गिऱ्हाइकं मीच सांभाळते.

खंडेनवमीला सगळी हत्यारं फळीवरून उतरवली, पुसली, तेल लावून पाटावर मांडली. कुंकवाचा करंडा उचलणार, तोच बाबा म्हणाले, "तू राहू दे. पूजा तुषार करील. शेवटी हे सगळं त्याचंच आहे."

तुषार माझा धाकटा भाऊ, बँकेत असतो. "आधी रंध्याला कुंकू लाव," बाबांनी सांगितलं, तसा तो माझ्या कानाशी कुजबुजला, "ताई, यातला रंधा कुठला गं?"

मी बोटानं दाखवला.

जेवायला बसताना त्याच्या खुर्चीचा पाय निखळला. बाबा माझ्यावर ओरडले, "बघत काय बसलीस? हातोडी आण, ठोक तो पाय!"

"पूजेतल्या हत्यारांना आज हात लावत नाहीत, बाबा. तुम्हीच शिकवलंत."

"मग उद्या कर."

"उद्या तुषारला सांगा. रंधा कुठला, ते दाखवलंय मी त्याला."