माहेरचं गटार

सर्जनने सासूबाईंच्या पायावरच्या पट्टीचा शेवटचा वेढा सोडवला आणि सुनेला दिसावं म्हणून बाजूला सरकला.

जखम गुलाबी होती. कडेने नवी कातडी धरू लागली होती.

(लॅबमधली पहिली काचेची ताटली. सासूबाईंच्या पायातले जंतू, सायीसारखे पसरलेले. त्यांच्यावर सासूबाईंच्याच टॉवरच्या सांडपाण्याचा गाळलेला थेंब. साय जशीच्या तशी.)

"कापायला निघाला होतात ना हा पाय?" सासूबाईंनी विचारलं.

"निघालो होतो, आजी. जंतू एकाही औषधाला दाद देईनात. त्यांना खाणारं काहीतरी तुमच्या सूनबाईंनी शोधलं, म्हणून वाचला."

(दुसरी ताटली. हॉस्पिटलमागचा नाला. साय जशीच्या तशी. आणि पाय कापायची तारीख ठरलेली.)

"कुठून आणलंस गं?"

सासूबाई सुनेच्या माहेरी एकदाच आल्या होत्या. घरामागचं गटार बघून नाकाला रुमाल लावला आणि गाडीतून उतरल्याच नाहीत.

"माहेरून. घरामागच्या गटारातून."

सर्जनला एकाएकी खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं दिसलं.

"म्हणजे माझ्या पायात तुमचं गटार ओतलंत?"

"ओतलं नाही, आई. गाळून, धुऊन, थेंब थेंब सोडलं."

"आणि आमच्या टॉवरचं नाही चाललं?"

"आधी तेच बघितलं. त्यात तुमच्या पायातलेच जंतू निघाले."

"आमच्याकडे? अगं, शिंक आली तरी भारीतली गोळी घेतो आम्ही."

"म्हणूनच. आमच्याकडे एकाची गोळी तिघं वाटून खातात. जंतू दोन्हीकडे सारखेच माजलेत. त्यांना खाणारा विषाणू मात्र तिथेच भेटला."

(तिसरी ताटली. सायीच्या मधोमध एक भोक. गोल, लख्ख. सुनेने ताटली खिडकीत धरली आणि भोकातून आकाश बघितलं. मग लॅबभर नाचली.)

सर्जनने नवी पट्टी बांधली. सासूबाई सुनेकडे वळल्या.

"घरी जाताना गाडी आधी तुझ्या माहेरी घ्यायला सांग."

"गटार अजून उघडंच आहे, आई."

"माहीत आहे."

सुनेने उशाजवळचा रुमाल पुढे केला. सासूबाईंनी तो घेतला नाही. त्यांनी पलंगाची कड धरली आणि पट्टीचा पाय जमिनीवर टेकवला.

आधी तोच.