धुमाळ सरांचे हात

“सर, तुमचे हे यांत्रिक हात बनवणारी कंपनी बंद पडली, मग ते चालतात कसे?” मैत्रिणींनी पैज लावली म्हणून केतकीने चित्रकलेच्या धुमाळ सरांना भर वर्गात विचारलंच.

“हात चालवणारा प्रोग्राम सगळ्यांना खुला आहे. आधी बरेच जण दुरुस्त करायचे, आता मी एकटाच. अंगठा अडकतोय, दुरुस्ती लिहून ठेवलीय. पण ती चढवताना दोन्ही हात बंद पडतात. परत चालू करायचं बटण कोण दाबणार?”

“अहो सर, मी दाबते की!”

शाळा सुटल्यावर सरांचे हात चार मिनिटं टेबलावर निपचित पडले. “नेमकं आत्ताच नाक खाजतंय,” सर कुरकुरले. केतकीने बटण दाबलं. अंगठा अलगद वळला.

घरी तिने जाहीर केलं, “आईबाबा, सुट्टीत मी मामाकडे जाणार नाही. सरांकडून प्रोग्राम शिकणार. अजून चाळीस जणांचे हात त्यावर चालतात.”