यंत्रमानवाचा आवाज

“यंत्रमानवाला आवाज कुणी दिला होता?” एका तरुणीने विचारलं, आणि शेवटच्या रांगेतल्या कुमुदिनी तेंडोलकर पुढे सरकून बसल्या. ‘नवव्या ग्रहाची वाट’ ही मालिका संपून चौतीस वर्षं झाली होती. आज ठाण्यात चाहत्यांनी मेळावा भरवला होता.

“कुणीच नाही. परदेशी यंत्र होतं ते,” व्यासपीठावरून दिग्दर्शक म्हणाले. टाळ्या पडल्या.

कुमुदिनीबाई तेव्हा स्टुडिओत नटांना संवाद वाचून दाखवायच्या. यंत्रमानवाच्या आवाजासाठी ठरलेला नट ध्वनिमुद्रणाला आला नाही म्हणून एक दिवस त्यांनाच माईकसमोर उभं केलं, आणि मग सगळे भाग त्यांनीच केले. नाव मात्र पडद्यावर एकदाही आलं नाही. इतकी वर्षं त्या गप्प राहिल्या. आज राहवेना.

“यंत्र कसलं? रिकाम्या कळशीत तोंड घालून मी बोलायचे,” त्या उभ्या राहून म्हणाल्या.

सभागृहात हशा पिकला. “आजी, बसा खाली,” कुणीतरी ओरडलं.

त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरली. “कप्तान, घाबरू नका. मी जागा आहे.”

तोच आवाज! हसू जागीच विरलं. मालिकेत कप्तानाचं काम केलेले वृद्ध नट व्यासपीठावर काठी टेकत उठले. “बाई, या आवाजाने मला घरी टीव्हीसमोर रडवलं होतं. या, माझ्या खुर्चीवर बसा.”

दिग्दर्शकांनी खाली मान घालून माईक पुढे केला. सभागृहभर हात वर झाले.

“एकेकाने विचारा रे,” कुमुदिनीबाई म्हणाल्या, “मला सगळं आठवतंय.”