भंडाऱ्याची आण

अंजनीनं सासूच्या पाठीखाली हात घालून तिला कुशीवर वळवलं, ओलं धडपं ओढून काढलं, कोरडं सरकवलं. सोप्यात परशरामचा माग खटखटत होता. तो थांबला नाही.

"ही तिसरी बारी, आत्ती. सकाळधरनं."

नागुबाईनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

दारात संकेश्वरचा तम्मण्णा उभा होता. नागुबाईच्या भावाचा मुलगा, घरात लग्नाची बहीण असलेला. बेळगावात खडेबाजारात गूळ घालायला आला, की तो शहापूरला डोकावायचाच. तो आला की नागुबाईचं कण्हणं वाढे आणि अंथरूण हमखास भिजे. पाहुण्यापुढं आपल्याला राबवायची हिला हौस आहे, असं अंजनीला वाटायचं.

"आत्या कवा उठनार गं, वैनी?" तम्मण्णानं विचारलं.

एवढ्या आपुलकीनं विचारणारा तोच एक. अंजनीनं त्याला चहा टाकला.

नागुबाईच्या अंगावरनं वारं गेलं, त्याच दिवशी तिनं अडखळत्या जिभेनं लेकाला यल्लम्माचा भंडारा उचलायला लावला होता. मी पायावर उभी राहीपर्यंत या घरात कसलं कार्य नाही, आणि सुनेनं घराबाहेर रात्र काढायची नाही. परशरामनं भंडारा कपाळाला लावून आण घेतली. आण त्याची, अडकली अंजनी. सदलग्याला तिची आई वारली, तेव्हाही नागुबाईनं तिला सोडलं नाही. ना मातीला, ना दिवसाला.

उजाडायच्या आत आडावरचं पाणी, मग चूल, मग सासूचं धुणं, मग मागासाठी सुताच्या कांड्या भरायला रहाटापुढं. हात चालत, डोळे मिटत. एकदा तव्यावरची भाकरी जळून काळी पडली. अंजनी समोरच बसली होती. वास येत होता, दिसतही होतं, पण ती उलथायला हात उचलेना.

शेजारची मालुबाई म्हणाली, "इतकी वर्सं पडून हाय म्हातारी, पर पाठीला एक जखम न्हाय. तुझ्या हाताचं पुन्य गं! एखादं लेकरू असतं तर हाताखाली आलं असतं. पर तुझी कूसच उजवली न्हाय, त्याला कोन काय करनार?"

अंजनी हसली. हल्ली ती कशालाही हसायची.

त्या आठवड्यात विठोबाच्या देवळात कीर्तन लागलं होतं. बुवा चिकोडीकडचे, गळा मोठा गोड. अंजनीला लहानपणापासून कीर्तनाचं वेड. पूर्वरंग संपून बुवांच्या गळ्यात हार पडायचा, कपाळी बुक्का लागायचा आणि आता आख्यान सुरू होणार म्हणून सगळी सभा सावरून बसायची. तेवढ्या क्षणासाठी ती दोन कोस चालत गेली असती. इथं तर देऊळ गल्लीच्या टोकाला होतं.

"जा की," नागुबाई म्हणाली. "मी पडून ऱ्हाते. सावकाश ये." आडावर पाठवतानाही ती असंच म्हणायची.

अंजनी खांबाजवळ बसली. झांजा वाजल्या. बुवांनी नमनाचा सूर लावला आणि तिची मान खांबाला टेकली.

जाग आली तेव्हा आरतीचं ताट तिच्या नाकासमोर होतं.

"बुवांनी समद्यास्नी रडवलं, आन तू घोरतीस व्हय गं?" ताट धरणारी बाई हसत म्हणाली.

अंजनी घरी आली. सासूच्या पायाशी बसून पाय चेपू लागली.

"आत्ती, मला आता कीर्तनबी ऐकू येईना झालंय," ती अगदी हळू बोलली. "येताना आडाच्या काठावर उभी ऱ्हायलते. पानी लई गार दिसलं बगा. बरं वाटलं."

"काय बोलतीस, पोरी?"

"तुम्ही उठा, न्हायतर मी तरी निजते. कायमची."

नागुबाई तिच्याकडं बघत राहिली. मग तिनं डोळे मिटून घेतले.

सकाळी अंजनी चूल फुंकत होती. मागं पाऊल वाजलं. वळून बघते तर चौकटीला धरून नागुबाई उभी!

फुंकणी हातातनं गळाली. गल्ली गोळा झाली. "कीर्तनाचा परताप!" मालुबाई ओरडली. बुवा स्वतः आले आणि त्यांनी म्हातारीच्या कपाळाला बुक्का लावला. परशराम मागावरनं उठून आला. अंजनी सासूच्या पायांवर पडून एकदम रडायला आणि हसायला लागली. सगळ्यांत नागुबाई तेवढी हसत नव्हती.

परशरामनं त्याच दिवशी संकेश्वरला निरोप धाडला. मामाच्या घरी आनंदाची बातमी कळवायलाच हवी, अंजनीला वाटलं.

त्या रात्री ती झोपली ती उजाडल्यावरच उठली. भाकरीला चव लागली. कांड्या भरताना तोंडात अभंग आला.

पुढचा आठवडी बाजार झाला आणि दारात बैलगाडी उभी राहिली.

"सदलग्याला जाऊन ये," परशराम म्हणाला. "समदी लुगडी बांधून घे. लई दिसांनी चाललीस, परतायची घाई करू नगंस."

इतक्या मायेनं तो कधीच बोलला नव्हता. अंजनीनं लगबगीनं बोचकं बांधलं.

नागुबाई काठी टेकत गाडीपाशी आली. तिनं सुनेचा हात धरला आणि सोडेना. तिचं सारं तोंड भिजलं होतं.

"असं काय करताय, आत्ती? येते की माघारी. आता तर तुम्ही बऱ्या झालाय!"

"बरी मी दोन वर्सांमागंच झालते, पोरी," नागुबाई म्हणाली. "पडून ऱ्हायलते, म्हनून तम्मण्णाची भैन अजून तुझ्या जागी आली न्हवती."