मधल्या मजल्यावरचा उजेड

लोड कमी करा, हे तुम्ही सांगितलंत. वीज कंपनीच्या तक्रार केंद्रातल्या थंडगार खोलीत बसून, उंटावरून शेळ्या हाकत, तुम्हीच सांगितलंत. रंगाऱ्याच्या बायकोनं फक्त ते ऐकलं.

ऐकण्यावाचून तिच्या हातात होतं तरी काय? खाटेवर नवरा पडलेला. जन्मभर लोकांच्या भिंतींवर रंगाचे फवारे मारले आणि स्वतःची फुप्फुसं घालवून बसला. उशाशी हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन. नवंकोरं. ते सकाळपासून तान्ह्या पोरासारखं कुरकुरत होतं, कारण त्याला पुरेशी वीज मिळत नव्हती. दिवा लागायचा, पण निखाऱ्यासारखा तांबडा. मशीन थांबलं की सिलिंडर लावायचा, असं करत करत दुपारी सिलिंडरही संपला. दुसरा यायचा होता.

इमारतीला तीन फेज, प्रत्येक मजल्याला एक. एका मजल्याची वीज गेली तरी दुसऱ्याची राहते, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या दिवशी तऱ्हाच वेगळी. त्यांचा मधला मजला विझत चाललेला आणि वरच्या मजल्याच्या खिडक्या लग्नघरासारख्या झगझगत होत्या.

"गाडी बोलावते, दवाखान्यात जाऊ," ती नवऱ्याला म्हणाली. दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे. त्यानं होकारार्थी मान हलवली. तेवढ्यात तिचा तुम्हाला लावलेला फोन लागला.

"साहेब, आमचे दिवे मिणमिणतायत आणि वरच्यांचे डोळे दिपवतायत. घरात पेशंट आहे, मशीनवर."

"वरच्यांचं सोडा हो. तुमच्या मजल्यावर लोड जास्त आहे. लोड कमी करा, व्होल्टेज आपोआप चढेल."

फोन बंद. गाडी बोलावायची राहिली.

ती दारोदार गेली. पहिलं दार शेजारच्या काकूंचं. कपड्यांच्या दोरीवरून दोघींचं बोलणं कधीचं बंद होतं. काकूंनी दार उघडलं, तिचं तोंड बघितलं आणि काही न विचारता फ्रीजचं बटण पाडलं. "दूध नासलं तर नासू दे. तू पुढं हो, पलीकडच्यांना मी सांगते." कोपऱ्यातल्या खोलीतल्या इस्त्रीवाल्यानं दोन्ही इस्त्र्या काढल्या. "जा वहिनी. आज गाव चुरगळलेलंच फिरेल, काय बिघडतंय?" कोणी पंखा बंद केला, कोणी गिझर, कोणी पोराच्या हातातला रिमोट ओढून टीव्ही. माणसं अंधारात दाराशी उभी राहिली. मधल्या मजल्यावर चालू उरलं ते एक मशीन आणि त्याच्यावरचा दिवा.

आणि दिवा चढला.

तांबड्याचा पिवळा झाला, पिवळ्याचा पांढरा. मशीनची कुरकुर थांबली, ते एकसुरात घुमायला लागलं. दाराशी काकूंनी हात जोडले. नवऱ्यानं दोन-तीन लांब श्वास घेतले, बायकोकडे नीट बघितलं.

"अगं, केस किती पिकलेत तुझे," तो म्हणाला. "अंधारात बरी दिसत होतीस."

सकाळपासून ती पहिल्यांदा हसली. वरून कोणीतरी ओरडलं, "अहो, आमचे दिवे मंदावले." तिच्या मनात आलं, घ्या, आता तुमची पाळी. दिवा आणखी चढला. पांढऱ्याचा निळसर झाला. त्याच्याकडे बघवेना.

मग दिवा फुटला. मशीनमधून जळका वास आला आणि त्याचं घुमणं तुटलं.

इस्त्रीवाल्यानं रंगाऱ्याला पाठुंगळी घेतलं. सगळा मजला मागून जिना उतरला. पहिली गल्ली संपायच्या आत पाठीवरचं ओझं जड झालं. मानेवर लागणारा त्याचा श्वास थांबला. इस्त्रीवाला तसाच चालत राहिला.

दुसऱ्या दिवशी तुमचा लाईनमन आला. खालची पेटी उघडून काळी पडलेली तार त्यानं बाहेर ओढली.

"न्यूट्रल सुटलाय. तिन्ही मजल्यांची ही सामाईक तार. ही तुटली की मजले एकमेकांशी ओढाताण करतात. ज्याचा लोड जास्त, त्याचं व्होल्टेज पडतं. ज्याचा कमी, त्याचं चढतं. दोनशे तीसच्या जागी साडेतीनशेच्या वर जातं." त्यानं हात पुसले. "एक मजला मंद आणि दुसरा झगझगीत, म्हणजे न्यूट्रल गेला. सरळ मेन स्विच पाडायचा असतो. फोनवर ही खूण सांगितली नाही का तुम्ही कोणी?"

काकूंनी तिच्या दंडाला धरलं.

"म्हणजे... आम्ही सगळ्यांनी बंद केलं म्हणून?"

मजला तिच्याकडे बघत होता. इस्त्रीवाला स्वतःच्या हातांकडे बघत होता.

"नाही हो काकू," ती म्हणाली. "मशीनच जुनं होतं."

काकूंनी मान हलवली, पण दंड सोडला नाही. त्या दिवसापासून मधल्या मजल्यावर कोणी दिवा बंद करत नाही. माणसं भर दुपारीही दिवे जळत ठेवतात, का ते एकमेकांना विचारत नाहीत.

तिनं काकूंना उत्तर दिलं. खोटं दिलं, पण तोंडावर दिलं. आता तुमची पाळी. वरच्यांचे दिवे डोळे दिपवतायत, हे तिनं तुम्हाला सांगितलं होतं. ती गाडी बोलावणार होती. तुम्हाला ती खूण ठाऊक नव्हती, की तुम्ही तिचं ऐकतच नव्हता? दोन्हीतलं कुठलं, ते त्या मजल्यावर या आणि काकूंना सांगा.