नऊ हजार आठशे किलोमीटर

"आता बंगालच्या उपसागरावर असंल," धर्मराज म्हणाले आणि मोबाइलवरचा नकाशा त्यांनी बोटांनी मोठा केला.

सकाळचे सात वाजले होते. कॉटवर त्यांच्या बायकोचा, कौसाबाईंचा श्वास घरघरत होता. "चोवीस तास," डॉक्टर काल सकाळी म्हणाले होते. लगेच सुजितला फोन गेला आणि नशिबाने इथल्या वेळेने दुपारी चारच्या विमानात जागा मिळाल्याचा त्याचा निरोपही आला. कौसाबाईंना आता औषध नको होतं, हॉस्पिटल नको होतं. एकदा मुलाला बघायचं होतं, बस.

मेलबर्न ते मुंबई नऊ हजार आठशे किलोमीटर. सिंगापूरला थांबून सतरा तास. म्हणजे नऊला उतरणार, अकरापर्यंत मांजर्लीत, घरी. अंबरनाथच्या कारखान्यात जन्म काढलेले धर्मराज कधी विमानात बसले नव्हते, पण कालपासून हा हिशेब त्यांनी भेटेल त्याला ऐकवला होता. दार, ओटा, कॉट, पुन्हा दार. बसवतच नव्हतं.

"फ्लाइट नंबर असता तर नीट कळलं असतं," किर्ती म्हणाली. आईसाठी ती परवाच कॅम्प तीनच्या सासरहून माहेरी आली होती.

"घाईत र्‍हायला त्याचा सांगायचा."

दोन वर्षांपूर्वी सुजित निघाला तेव्हा नाक्यावर त्याचा केवढा फ्लेक्स लागला होता! 'परदेशगमनाबद्दल हार्दिक अभिनंदन', गॉगल घातलेला फोटो, खाली सगळ्या भाऊबंदांची नावं. अर्धी मांजर्ली हार घेऊन आली होती. एजंटला द्यायला विकलेल्या जमिनीचं दुःख धर्मराज त्या दिवशी विसरले होते.

कौसाबाईंचे ओठ हलले. किर्तीने कान जवळ नेला.

"त्याला सांग गो... रिक्षानं ये."

"काय म्हणते?"

"सुजितला रिक्षानं ये म्हणते, बाबा."

धर्मराजांना हसू आलं आणि लगेच रडूही. "अगं येडे, मधी समुद्र हाय!"

गुडघे धरले तरी दर सोमवारी रिक्षाने अंबरनाथच्या शंकराला जाणारी ही बाई, तिला कसला समुद्र आणि कसलं काय! भ्रमात बोलतेय, असं किर्तीने डोळे पुसत ठरवून टाकलं.

आठ वाजले. धर्मराजांना राग येऊ लागला. सिंगापूरचा, समुद्राचा, आपल्या पोराला इतक्या लांब धाडणार्‍या आपल्या हौसेचा.

साडेआठला घरघर थांबली.

नऊला मेसेज आला, 'उतरलो. आई कशी आहे?' किर्तीने उत्तर लिहिलं आणि पुसून टाकलं.

अकराला दारात टॅक्सी थांबली. ओट्यावरच्या बायका बाजूला सरकल्या. बॅग तिथेच टाकून सुजित आत धावला आणि आईच्या पायांवर कोसळला. त्याचं रडणं ऐकवत नव्हतं.

धर्मराज त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "तुझा दोष नाय रे पोरा. नऊ हजार आठशे किलोमीटर. मानूस किती धावंल?"

सुजितने मान वर केली नाही. मेलबर्न त्याने कधी पाहिलंच नव्हतं; एजंट पैसे घेऊन पळाला होता. काल दुपारपासून तो रिक्षाने अर्ध्या तासावर, अंबरनाथमधल्या भाड्याच्या खोलीत घड्याळ बघत बसला होता, आपलं विमान उतरायची वेळ होईपर्यंत.