सगळ्यांना कळलेला खुनी

“मला तर ते सर दारातून आत आले तेव्हाच कळलं,” बँकवाले काका म्हणाले. “इतकं गोड बोलणारा माणूस टीव्हीवर खूनच करणार. दुसरं काय करणार?”

टेबलाभोवतीचे सगळे हसले. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेला लेखकही हसला. तो लेखक आहे हे कुणाला सांगितलेलं नव्हतं. “तुम्ही ऐकायला बसा, पण ओळख देऊ नका,” वाहिनीच्या संयोजक बाईंनी आधीच बजावलं होतं. “समोर लेखक आहे म्हटलं की लोक तोंडदेखलं बोलतात.”

आज कुणीच तोंडदेखलं बोलत नव्हतं. कॉलेजातल्या खुनाचा त्याचा चित्रपट रविवारी टीव्हीवर लागला होता, आणि वाहिनीने काही प्रेक्षकांना कचेरीत चहाला बोलावून त्यांची मतं विचारली होती. शिवणकाम करणाऱ्या बाई म्हणाल्या, त्या मध्येच उठून कपडे वाळत घालून आल्या, तरी काही चुकलं नाही. एक तरुण म्हणाला, कॉलेजातली पोरं बापाच्या वयाची दिसतात. “आणि ते संगीत!” त्याची बायको म्हणाली. “सर नुसता खडू उचलतात, तरी ढँण्! अहो, झोपलेला माणूससुद्धा ओळखेल.”

लेखक मान डोलावत राहिला. यातलं काहीच त्याला नवीन नव्हतं. चित्रपट लागला तेव्हा तो आपल्या खोलीत एकटाच बघत होता. भिंतीपलीकडच्या घरातूनही त्याचेच संवाद येत होते. त्याला बरं वाटलं. त्याने आपल्या टीव्हीचा आवाज बंद केला आणि भिंतीतून ऐकत बसला. थोड्या वेळाने तिकडे कुणीतरी चॅनल बदललं. मग लेकीचा मेसेज आला. त्याच्या घटस्फोटानंतर ती आईकडे राहत होती. ‘बाबा, पहिल्या ब्रेकच्या आधीच कळलं. सॉरी!’ त्याने नुसता हसरा चेहरा पाठवला. तिने पुढे काही लिहिलं नाही.

“तुम्ही काहीच बोलला नाहीत,” संयोजक बाई टेबलाच्या टोकाला बसलेल्या बाईंना म्हणाल्या. साठीला टेकलेल्या, मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून बसलेल्या. चहाला त्यांनी हातही लावला नव्हता. “तुम्हाला खुनी कधी कळला?”

“शेवटी. सर स्वतः कबूल करतात तेव्हा.”

“अहो, काय सांगता!” बँकवाले काका म्हणाले. पुन्हा हशा पिकला. त्या बाई हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत.

उठता उठता संयोजक बाईंनी लेखकाची ओळख करून दिली. सगळे ओशाळले. “तसा वाईट नव्हता हो,” तरुण म्हणाला. बायकोने त्याला चिमटा काढला. काकांनी लेखकाची पाठ थोपटली. मग जो तो लगबगीने चपला शोधू लागला. संयोजक बाई त्यांना पोचवायला जिन्यापर्यंत गेल्या.

लेखकाला घाई नव्हती. घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. पर्सवाल्या बाईही जागच्या हलल्या नव्हत्या. एवढ्या सगळ्यांत एक तरी प्रेक्षक आपल्याला फसला, या आनंदात तो त्यांच्याजवळ गेला.

“तुम्हाला खरंच शेवटपर्यंत कळलं नाही?”

“नाही ना. म्हणून तर आले. मीच फोन करून विचारलं, मला बोलवता का.” त्यांनी दाराकडे पाहिलं. “तो बूट तुम्ही डावा दाखवलात.”

“कुठला बूट?”

“मुलीच्या एकाच पायात बूट असतो. दुसरा प्रयोगशाळेच्या खिडकीत सापडतो, तो. पेपरात तेव्हा नुसतं ‘एक बूट’ एवढंच आलं होतं. तो डावा होता, हे फक्त घरच्यांना माहीत होतं आणि पोलिसांना. आणि ज्याने ठेवला त्याला.”

कपाटाच्या फळीवर अंथरलेल्या जुन्या वर्तमानपत्रात ती बातमी त्याला दिसली होती. चार ओळींची. प्रयोगशाळेत विद्यार्थिनीचा मृतदेह, खिडकीत एक बूट, तपास चालू. मुलीचं नावही नव्हतं. तो तेव्हा कथेला धागा शोधत होता. पुढे काय झालं याची त्याने चौकशी केली नाही. पुढचं त्याने रचलं. बूट कुठल्या पायाचा, असं चित्रीकरणाच्या वेळी कुणीतरी विचारलं होतं. तो जेवत होता. ‘डावा घ्या,’ म्हणाला होता.

“आमच्या मुलीच्या कॉलेजातही एक सर होते,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “तिला फार जपायचे. मी पोलिसांना परत परत सांगितलं. ते म्हणाले, संशयावर काही करता येत नाही. हे तर वाट बघत बघतच गेले. आता घरात मी एकटीच. रविवारी सहज टीव्ही लावला, तर माझीच पोर.” त्या पुढे सरकून बसल्या. “तुम्हाला कुणी सांगितलं ते मी विचारत नाही. तुमचं नाव कुठे येऊ देणार नाही. फक्त एवढं सांगा. तेच होते ना?”

हो म्हणणं सोपं होतं. बाई त्यासाठीच आल्या होत्या, इतक्या वर्षांनी. लेखकाने खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसला.

“ताई, मी फक्त पेपरातली बातमी वाचली होती. बाकी सगळं मनाने लिहिलं. सरही. बूट डावा, तेसुद्धा.”

जिन्यातून काकांचा आवाज वर येत होता. आपण खुनी कसा ओळखला, ते ते पुन्हा कुणाला तरी रंगवून सांगत होते.

“म्हणजे तुम्हालाही माहीत नाही,” बाई म्हणाल्या.